पाण्यात न उतरणाऱ्याचा वाटा

मासे धरायचे लायसन असते आणि अपंग माणसाला ते कमी पैशांत मिळते, ही गोष्ट मी आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर सांगितली तेव्हा मंडळी हसली. एक जण म्हणाला, "भाईजान, माशाचं लायसन? मंग बगळ्याले कोन देते?" हसण्यासारखेच आहे म्हणा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला परवाना म्हटला की बंदुकीचा नाही तर दारूचा आठवतो. त्यातला दारूचा गडचिरोलीत १९९३ पासून बंदच आहे. मासे धरायला सरकारकडे पैसे भरून कागद घ्यायचा, तो खिशात ठेवून गळ टाकायचा आणि पाय नसेल तर त्यात सूट मागायची, हे आपल्याकडे कुणाच्या कानावर आलेले नसते.

पण जगात अशी सोय आहे आणि ती चांगली चालते. अमेरिकेत मासेमारी आणि शिकार हे दोन्ही परवाने प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. बहुतेक राज्यांत अपंगांना, विशेषतः युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना, ते स्वस्तात किंवा फुकट मिळतात. टेक्सास राज्यात तर कायद्याने अंध ठरलेल्या माणसालाही शिकार करता येते. सोबत डोळस मदतनीस असावा लागतो आणि नेम धरण्यासाठी लेसरचा किरण वापरायची मुभा असते. इंग्लंडमध्ये गळाने मासे धरायला सरकारी परवाना लागतो आणि अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्यांना तो सवलतीत मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत कायमचे अपंगत्व असलेल्या नागरिकाला आयुष्यभराचा मोफत प्रवेशपास दिला जातो. यामागचा विचार सरळ आहे. नदीकाठी बसणे, रानात जाणे हा माणसाच्या आनंदाचा भाग आहे, आणि शरीर साथ देत नाही म्हणून त्या आनंदाचे दार बंद होऊ नये. शिवाय तिथे परवान्यांच्या पैशातूनच वन्यजीव खात्यांचा बराचसा खर्च निघतो, म्हणून किती लोक परवाना घेतात याला महत्त्व असते.

हे वाचल्यावर माझ्या मनात साहजिकच प्रश्न आला, की आपल्या भागात याचे काय? मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. वकील नव्हे. पण कायद्याची भाषा मला कवितेइतकीच ओढते, कारण तिथेही एकेका शब्दावर माणसाचे पोट अवलंबून असते. तेव्हा कायदेच उघडून बसलो.

आधी शिकारीचे पाहू. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आज आपण शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखतो. पण तो आला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जिवंत जनावर पकडणे असे चार प्रकार होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते सगळे गेले. आता धडधाकट असो की अपंग, हौसेसाठी शिकारीचा परवाना या देशात कुणालाही मिळत नाही. अपवाद फक्त निकोबार बेटांवरच्या आदिवासींचा, त्यांचे शिकारीचे हक्क कायद्याने शाबूत ठेवले आहेत. आपल्याकडे रानडुक्कर आणि रोही पिकांची नासाडी करतात, म्हणून त्यांना मारायची परवानगी वनखात्याकडे मागता येते. पण ती पिकाच्या रक्षणासाठी असते, हौसेसाठी नसते. तिथे सवलतीचा विषयच निघत नाही.

या कायद्याच्या अकराव्या कलमाशी मात्र मी थबकलो. वाघासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारायची परवानगी केव्हा देता येते, हे तिथे सांगितले आहे. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल तर, किंवा बरा होण्यापलीकडे 'डिसेबल्ड' अथवा रोगग्रस्त झाला असेल तर. मूळ इंग्रजी कायद्यात हाच शब्द आहे. अपंग माणसांच्या कायद्यातला शब्दही याच मुळाचा आहे. म्हणजे आपल्या शिकारीच्या कायद्यात अपंगत्वाचा उल्लेख सापडला खरा, पण तो बंदूक धरणाऱ्याचा नाही, बंदुकीसमोरच्या जनावराचा आहे. याला कारणही आहे. जिम कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे, की वाघ बहुधा जखमेमुळे किंवा म्हातारपणामुळे नरभक्षक होतो. पंजात साळिंदराचे काटे रुतलेला, नेहमीची शिकार न साधणारा वाघ माणसाकडे वळतो. अपंग वाघ आणि त्याच्यामुळे अपंग झालेला माणूस, ही जोडी आमच्या भागात नवी नाही.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, शिकारीच्या कॅम्पात खानसामा होते. ताडोब्यात १९३५ सालीच शिकार बंद झाली होती आणि १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. पण आसपासच्या इतर जंगलांत पुढेही बरीच वर्षे परवान्याने शिकार चाले. नाना सांगायचे, साहेबाच्या परवान्यावर सगळे छापलेले असे. कुठले जंगल, किती दिवस, किती जनावरे, किती फी. हाका घालणाऱ्या माणसांची नावे मात्र कुठल्याच कागदावर नसत. गोंडांच्या टोल्यांवरून पन्नास-साठ माणसे रोजाने आणायची, त्यांनी डबे-ढोल वाजवीत जनावर मचाणाकडे ढकलत न्यायचे. त्यातल्या एकाच्या पोटरीचा अस्वलाने लचका तोडला. पुढच्या हंगामात तो लंगडत पुन्हा कॅम्पावर आला. हाक्यात त्याला कोण घेणार? नानांनी त्याला कांदे सोलायला, भांडी घासायला चुलीपाशी बसवले. जनावर पडले की त्याच्या मानेवर वेळेत सुरी फिरवायला नाना धावत, तेव्हा कंदील तोच धरायचा. रोज त्याला हाकेवाल्याचा पूर्ण मिळायचा, असे नाना अभिमानाने सांगत. तो कुणाच्या खिशातून जायचा ते त्यांनी कधी सांगितले नाही.

शिकार संपली, पण जनावरे आहेत आणि माणसेही आहेत. मोहफुले वेचायला पहाटे गेलेली बाई, तेंदूपाने तोडणारा मजूर, गुराखी, सरपणाला गेलेली म्हातारी, यांना वाघ नाही तर अस्वल भेटते. जंगलाने अपंग केलेल्यांची ही यादी आमच्या दोन जिल्ह्यांत मोठी आहे. महाराष्ट्र सरकारच्या २०२३ च्या निर्णयाप्रमाणे अशा हल्ल्यात मृत्यू आल्यास २५ लाख, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख रुपये मिळतात. रक्कम पूर्वीपेक्षा बरीच वाढली आहे. पण ती एकदाच मिळते. ज्याचा हात गेला त्याचे पुढचे वीस-तीस वर्षांचे काम कोणते, याचे उत्तर तिच्यात नसते.

म्हणून मला माशाकडे वळावेसे वाटते. कारण शिकारीचे दार सगळ्यांनाच बंद आहे, पण पाण्याचे उघडे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचे तिसरे कलम वाचा. एकाच कलमात दोन उलट गोष्टी आहेत. मासे आणि पाण्यातले इतर उत्पन्न हा गावाचा सामूहिक हक्क आहे असे एका पोटकलमात म्हटले आहे. पुढे परंपरेने चालत आलेले बाकीचे सगळे हक्कही दिले आहेत, फक्त शिकारीचा आणि जनावर सापळ्यात पकडण्याचा हक्क नावानिशी वगळला आहे. थोडक्यात, जंगलातले पाणी गावाला मिळाले, पारध मिळाली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याने, आणि पुढे असे हक्क मिळालेल्या देशातल्या आघाडीच्या जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव आले. त्याआधी १९९६ च्या पेसा कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले होते.

सामूहिक पारधीची एक जुनी रीत आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मी ऐकली आहे. जनावर कुणाच्याही बाणाने पडो, गावातल्या प्रत्येक चुलीला वाटा जाई. मारणाऱ्याला जरा जास्त, कुत्र्यालाही थोडा, पण विधवेच्या, म्हाताऱ्याच्या, अंथरुणावरच्या माणसाच्या घरी पान गेल्याशिवाय राहत नसे. पारध गेली ते बरेच झाले, जंगलात आता हरणे उरायला हवीत. पण पारधीबरोबर वाट्याची ही रीतही गेली काय, असा प्रश्न मला तलावाच्या पाळीवर उभे राहिले की पडतो.

आमच्या भागात तलाव ही मोठी गोष्ट आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो तलाव आणि बोड्या आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी जमिनीचा उतार पाहून ते बांधले, मालगुजारांनी सांभाळले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हणून त्यांना आजही माजी मालगुजारी तलाव म्हणतात. सिंचनाचा हक्क शेतकऱ्यांचा, आणि मासे धरायचा ठेका बहुधा ढिवर-भोई समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा. पावसाळ्यात संस्था बोटुकली सोडते, म्हणजे बोटाएवढी रोहू-कटल्याची पिल्ले. ती वर्षभर राखायची, चोरांपासून आणि पाणकोंबड्यांपेक्षा जास्त भुरट्या पोरांपासून. मग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की जाळे ओढायचे. मरळ, वाम, झिंगे हे तलावाचे स्वतःचे धन, त्यांना कुणी सोडत नाही.

आता लक्षात येईल, की परदेशातली सवलत इथे का लागू पडत नाही. तिथे परवाना एका माणसाचा असतो. इथे ठेका सगळ्या संस्थेचा. तिथे मासेमारी सुटीच्या दिवसाची, इथे ती पोटाची. सवलत द्यायची तर कशात देणार? सभासदाच्या शेअरची रक्कम मुळातच जास्त नसते. अपंग माणसाचे अडते ते फी भरण्यापाशी नाही. ते अडते वाटा पाडण्यापाशी.

नागभीडच्या बाजूला माझ्या ओळखीचा एक ढिवर आहे. वय चाळीसच्या पुढे, डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. जाळे विणावे ते त्यानेच. शिशाच्या गोळ्या कुठे किती लावायच्या, म्हणजे जाळे पाण्यात छत्रीसारखे उघडेल, हे त्याच्याकडून शिकायला पंचक्रोशीतली पोरे येतात. डोंग्यात बसवले तर तो सरळ वल्हवतो. पण तलावाच्या गाळात कुबडी रुतते, त्यामुळे छातीभर पाण्यात उभे राहून जाळे ओढणे त्याला जमत नाही. त्यांच्या संस्थेत रीत अशी, की जो पाण्यात उतरला त्याचा पूर्ण वाटा. जो काठावर राहिला त्याचा अर्धा. तो मला म्हणाला, "भाऊ, तलावाच्या पान्याले का मालूम, कोनाचा पाय चालते अन् कोनाचा नाही? सोसायटीले मालूम आहे." हे तो हसत म्हणाला. आमच्याकडची माणसे अशा गोष्टी हसतच सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते, फार काही बिघडलेले नाही.

मी त्याला विचारले, ही रीत लिहिलेली आहे का कुठे? तर कुठेच नाही. संस्थेच्या उपविधीत नाही, ठरावात नाही, वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. इथे कायदा काय म्हणतो ते सांगायला हवे. सहकारी संस्थांच्या कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने क्रियाशील सभासद हा शब्द आला. ऐकल्यावर अपंग माणूस घाबरतो, की आपण पाण्यात उतरत नाही म्हणजे आपण क्रियाशील नाही, आता नाव काढतील. तसे नाही. त्या दुरुस्तीची अट अशी होती, की पाच वर्षांत एकदा तरी सर्वसाधारण सभेला हजर राहावे, आणि संस्थेच्या सेवांचा उपविधीत ठरवलेला किमान वापर करावा. पाण्यात उतरावे असे कायदा म्हणत नाही. किमान म्हणजे काय ते संस्थेने उपविधीत लिहायचे. मग जाळे दुरुस्ती, रात्रीची राखण, काट्यावर माप, बाजारातली विक्री, हिशेबाची वही ही कामे धरणाऱ्याच्या कामाइतकीच मोजावी, असे लिहायला कुणाची हरकत आहे? कायद्याची तर नाही.

आणि ही कामे काही दयेची नाहीत. काट्यावर बसणारा माणूस कच्चा असला तर व्यापारी एका खेपेत सगळ्यांची दिवसाची मजुरी खाऊन टाकतो. बर्फ कधी संपेल, गाडी किती वाजता निघाली तर माल नागपूरच्या बाजारात ताजा पोहोचेल, कुणाची उधारी थकली आहे, हे डोक्यात ठेवणारा माणूस जाळे ओढणाऱ्या दोघांच्या बरोबरीचा असतो.

सरकारी योजनांकडे पाहिले तर तिथेही एक मजेशीर भोक आहे. मजेशीर म्हणतो, कारण रडण्यापेक्षा ते बरे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत तळे खोदायला, बोटुकली तयार करायला, बर्फाची पेटी बसवलेली गाडी घ्यायला अनुदान ठेवले होते. सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के. या कोष्टकात अपंगांचा वेगळा रकाना नव्हता. त्याच योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा मात्र होता, आणि त्यात अपंगत्वाला जागा होती. मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले तर पाच लाख, अंशतः कायमचे आले तर अडीच लाख. मासे धरताना अपंग झालात तर पैसे, आधीच अपंग असून मासे धरू पाहाल तर साधा मच्छीमार. कागद तयार करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. अपंग माणूस मासे धरत असेल, हेच त्याच्या मनात आले नसेल.

वास्तविक २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, जो एप्रिल २०१७ पासून लागू झाला, तो या बाबतीत मोकळा आहे. त्याच्या ३७ व्या कलमात गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण सांगितले आहे, महिलांना अग्रक्रम देऊन. व्यवसाय उभारण्यासाठी सवलतीच्या दराने जमीन द्यायची झाली तर तिथेही पाच टक्के. हा लाभ किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना मिळतो. म्हणजे मत्स्य योजनेच्या कोष्टकात रकाना नसला तरी हे कलम हातात धरून अर्ज करता येतो. अर्जात कलमाचा आकडा लिहावा. नुसती विनंती बाजूला ठेवता येते, आकडा आला की त्यावर काही तरी शेरा मारावाच लागतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्चायचे, असाही महाराष्ट्रात नियम आहे. त्यातून बहुतेक गावांत घरटी थोडी थोडी रक्कम वाटली जाते. त्याऐवजी तलावाच्या पाळीवरून पाण्यापर्यंत रुंद पायऱ्या आणि धरायला एक दांडा केला, तर म्हाताऱ्यांनाही उपयोग होईल. एखाद्या ग्रामसभेने विचार करावा.

दिव्यांग हा शब्द २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवल्यापासून आला. २०२२ मध्ये महाराष्ट्रात या नावाचा स्वतंत्र विभागही झाला. मला विचाराल तर शब्द कोणताही घ्या, त्या माणसाला हाक त्याच्या नावाने मारा म्हणजे झाले. आमच्या त्या ढिवराला गावात अजून पायाच्या नावानेच ओळखतात.

२०१६ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, जी आमच्या दोन जिल्ह्यांना थेट लागू आहे. अपंगत्वाचे प्रकार त्याने सातावरून एकवीस केले, आणि त्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार घातला. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सुरुवातीच्या वर्षांतच या आजाराची पाहणी केली होती. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि सांध्यांत, पाठीत, छातीत असह्य कळा उठतात. या कळा कशाने सुरू होतात? थंडीने, अंगातले पाणी कमी झाल्याने, अति श्रमाने. डॉक्टर सांगतात, थंड पाण्यात उतरू नका.

आता हे मासेमारीशी जोडून पाहा. पौष महिन्यातली पहाट, तलावावर धुके, जाळे टाकायला हीच वेळ. वीस वर्षांचा पोरगा, दिसायला धडधाकट, दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत. तो पाण्यात उतरायला नाही म्हणतो. काठावरचे म्हणतात, आळशी आहे, शहराची हवा लागली. त्याच्या रक्तात काय आहे ते कुणाला दिसत नाही. पोलिओचा पाय निदान दिसतो तरी. अर्ध्या वाट्याची रीत या पोराला तर अर्धाही देत नाही, कारण त्याचे अपंगत्व गावाने मान्यच केलेले नसते. अशा मुलाकडे सिकलसेलचे तपासणी कार्ड असेल तर त्याने ते लपवू नये. लग्न जमणार नाही या भीतीने घरची माणसे ते पेटीत ठेवतात, हे मला ठाऊक आहे. पण उन्हाळ्यातली कामे, सावलीतली कामे, हिशेबाची कामे त्याला मिळायची असतील तर निदान संस्थेच्या अध्यक्षाला ते माहीत असायला हवे.

प्रमाणपत्र मिळवणे हे आमच्याकडे वेगळेच प्रकरण आहे. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. एस.टी.त अपंगांना ७५ टक्के सवलत आहे, ६५ टक्क्यांवर अपंगत्व असेल तर सोबत्यालाही निम्मी आहे. पण ही सवलत घ्यायची तर आधी कार्ड हवे, आणि कार्ड काढायला जायचे ते पूर्ण तिकीट काढून. म्हणून सांगतो, तालुक्याला तपासणी शिबिर लागले की शेतीचे काम एक दिवस बाजूला ठेवून जा. आधार कार्ड, फोटो, जुने दवाखान्याचे कागद असतील नसतील ते सगळे पिशवीत घाला. यूडीआयडी कार्ड एकदा निघाले की ते देशभर चालते.

सवलत आणि वाटा यांतला फरक आमच्या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले, त्याला पाऊणशे वर्षे होत आली. हातांची बोटे झडलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, कापड विणले. भीक नको, काम हवे, हा बाबांचा हट्ट होता. तिथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत, अपंग कलावंतांचा वाद्यवृंद आहे. आनंदवनात हे जमले, कारण तिथे काम माणसाच्या अंगाकडे पाहून बेतले गेले. गावच्या तलावावर काम आधीच बेतलेले असते, जात-समाजाने, सवयीने, आणि माणसाने त्यात बसायचे असते. म्हणून आनंदवनाचे कौतुक करणारी माणसेही आपल्या गावच्या संस्थेत अर्ध्या वाट्याची रीत खुशाल चालू ठेवतात. त्यांना त्यात विसंगती दिसत नाही.

एक शंका मला त्या टपरीवरच कुणीतरी विचारली होती, ती खरी आहे. न उतरणाऱ्याला पूर्ण वाटा दिला, तर उद्या सगळेच काठावर बसतील, मग जाळे कोण ओढेल? यावर माझ्याकडे काही फार विद्वत्तेचे उत्तर नाही. काठावरची कामे मोजून ठेवावी लागतील, कोणते काम कुणाचे ते नावानिशी लिहावे लागेल. काठावर चार माणसांचे काम असेल तर चारच बसतील, आणि त्यात पहिला हक्क कुणाचा हे ठरवून घ्यावे लागेल. थोडी भांडणे होतील. तलावावर भांडणे आजही होतातच, बोटुकली कुणी मोजून आणली इथपासून.

आमच्या ढिवराने तेच करायचे ठरवले आहे. उपविधीत बदल करायचा तर सर्वसाधारण सभेत हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांचा पाठिंबा लागतो आणि वर निबंधकाची मंजुरी. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते. अर्ज मी लिहून दिला, मराठी त्याचीच ठेवली, फक्त शुद्धलेखन पाहिले. त्यात त्याने पूर्ण वाटा मागितलेला नाही. काट्यावर बसणाऱ्याचा वाटा किती, एवढे सभेने ठरवून वहीत लिहावे, असे मागितले आहे. हात वर करणारे किती निघतील याचा अंदाज घ्यायला तो सध्या घरोघरी जातो आहे. जाताना लोकांची फाटकी जाळी घेऊन येतो आणि दुरुस्त करून परत नेऊन देतो. मते मागायची ही पद्धत मला तरी निवडणुकीतल्यापेक्षा बरी वाटली. आतापर्यंत बावीस घरे झाली आहेत, अजून एकोणीस राहिली आहेत.